छप्पर आधी, रंग शेवटी: नाशिक जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांची डागडुजी कमी पैशात कशी करावी

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खात्यात थोडे पैसे आले की पहिली चर्चा रंगाची होते. बोलक्या भिंती, पाढे, जिल्ह्याचा नकाशा, दारावर पानाफुलांची नक्षी. रंग लगेच दिसतो, फोटोत छान येतो, पालकांनाही आवडतो. पण त्याच भिंतीवरचा स्लॅब गळत असेल, तर पुढच्या श्रावणात त्या रंगाचे पोपडे मुलांच्या दप्तरांवर पडतात. हे बघताना फार वाईट वाटतं. पैसे मुळात थोडेच होते, त्यात ते चुकीच्या क्रमाने खर्च झाले.

म्हणून क्रम आधीच सांगतो. पहिल्यांदा मुलांच्या जिवाला धोका असेल ते. मग पाणी, म्हणजे छपरातून गळणारं, भिंतीत मुरणारं आणि पायाशी साचणारं. त्यानंतर शौचालय आणि प्यायचं पाणी. वीज, फरशी, दारं-खिडक्या, कुंपण त्यामागे. रंग सगळ्यात शेवटी. हा लेख मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी आहे. सुरगाण्याची दोनशिक्षकी शाळा आणि निफाडची सातवीपर्यंतची शाळा यांच्या गरजा वेगळ्या असतात, पण हा क्रम दोघींना लागू पडतो.

भर पावसात शाळा बघा

इमारतीची पाहणी उन्हाळ्यात करू नका. मे महिन्यात प्रत्येक स्लॅब कोरडा असतो आणि प्रत्येक भिंत बरी दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये, दोन दिवस संततधार लागली असताना, मोबाईल आणि वही घेऊन खोलीखोलीत फिरा. प्रत्येक खोलीचा साधा चौकोन वहीत काढा आणि पाणी कुठे टपकतं, ओल कुठपर्यंत चढली आहे, व्हरांड्यात तळं कुठे साचतं ते त्यावर मांडा. फोटोवर तारीख उमटेल अशी सोय करा. हेच फोटो पुढे अंदाजपत्रकाला, ग्रामसभेला आणि मदत मागाल त्या कंपनीच्या अधिकाऱ्याला दाखवायला उपयोगी पडतात.

स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेले तडे, फुगलेलं प्लॅस्टर दिसतंय का ते बघा. लांब काठीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर तिथलं काँक्रीट सळईपासून सुटलेलं आहे. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. अशा जागी नुसतं प्लॅस्टर चोपडलं तर वर्ष-दीड वर्षात ते पुन्हा पडतं, आणि तेव्हा खाली कोण बसलेलं असेल सांगता येत नाही.

भिंतीचा तडा जिवंत आहे की जुना, हे ओळखायला स्वस्त उपाय आहे. तड्यावर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावा आणि तिच्यावर तारीख लिहा. काही आठवड्यांत पट्टी फुटली तर तडा अजून वाढतो आहे, म्हणजे अभियंत्याला बोलवायलाच हवं. निफाड, येवला, मालेगाव भागातल्या काळ्या जमिनीवरच्या शाळांत तडे उन्हाळ्यात उघडतात आणि पावसात मिटतात. ती माती ओलीने फुगते आणि सुकली की आकसते. तिथे भिंत भरत बसण्याआधी पायाशी पाणी मुरणार नाही याची सोय करावी लागते. गच्चीच्या कठड्यात पिंपळ किंवा वड रुजला असेल तर तो वरवर छाटून भागत नाही. मूळ काढा आणि भेग भरा.

आता धोक्याबद्दल, आणि इथे कुठलीही तडजोड नको. ऑगस्ट २०१७ मध्ये शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत पावसात कोसळून तीन विद्यार्थी गेले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छत पडून सात मुलं दगावली. खोलीबद्दल मनात शंका आली तर ती त्याच दिवशी बंद करा, कुलूप लावा, व्हरांड्यातूनही जाणं-येणं थांबवा. वर्ग समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा दोन सत्रांत भरवता येतो. त्याच दिवशी गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम उपविभागाचे उपअभियंता यांना लेखी पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदवलं जात नाही.

खोली खरोखर वापरायच्या लायकीची उरली नसेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव करावा लागतो. समितीचा ठराव, फोटो, अभियंत्याचा धोकादायक असल्याचा दाखला, पंचायत समितीची शिफारस आणि मग जिल्हा परिषदेची मंजुरी असा तो प्रवास आहे. जुन्या साहित्याचं मूल्यांकन होऊन लिलाव होतो, त्यामुळे परस्पर दगड-लाकूड काढून देऊ नका. निर्लेखन रखडलं की नव्या खोलीची जागा अडते आणि पडकी खोली मुलांच्या खेळण्याची जागा होते. तोपर्यंत निदान काटेरी कुंपण करून घ्या.

पैसे मागण्याआधी कागद लावून घ्या

निधी नाही म्हणून कामं अडतात, तशीच निधी आल्यावर कागद नाहीत म्हणूनही अडतात. दुसऱ्या प्रकारचं अडणं आपल्या हातात आहे.

पहिला कागद जागेचा. अनेक गावांत शाळेला जागा एखाद्या कुटुंबाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी शब्दावर दिली आणि सातबारावर आजही त्याच कुटुंबाचं नाव आहे. नवी खोली मागताना किंवा कंपनीकडे जाताना हे बाहेर येतं, आणि तोवर वारसांची संख्या वाढलेली असते. देणारी पिढी हयात असताना बक्षीसपत्र करून घ्या. जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या काही पाड्यांवर शाळा वनजमिनीवर आहेत. तिथे वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वापरता येतं. शाळेसारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ही तरतूद माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं थांबलेले प्रस्ताव आहेत.

दुसरा कागद यू-डायसचा, म्हणजे शाळेची माहिती दरवर्षी शासनाकडे भरायची त्या नोंदीचा. त्यात प्रत्येक वर्गखोलीची अवस्था भरायची असते: चांगली, किरकोळ दुरुस्ती हवी, मोठी दुरुस्ती हवी. आपली शाळा वाईट दिसू नये या काळजीने किंवा घाईत मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलल्याने गळक्या खोल्या 'चांगल्या' म्हणून नोंदवल्या जातात. मग समग्र शिक्षाच्या, म्हणजे शालेय शिक्षणाच्या शासकीय योजनेच्या, वार्षिक आराखड्यात त्या शाळेला पैसे कुठून मिळणार? माहिती अंतिम करण्यापूर्वी समितीच्या दोन पालकांना सोबत घेऊन खोल्या मोजा.

तिसरा कागद शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि कलम २२ नुसार हा आराखडा करायचं काम समितीचंच आहे. कायद्याच्या परिशिष्टात इमारतीचे निकषही आहेत: सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय आणि भांडारासाठी खोली, मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं, सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, अडथळा नसलेला प्रवेश, मैदान, कुंपण. अर्जात 'आम्हाला द्यावे ही विनंती' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'परिशिष्टातील अमुक निकष आमच्या शाळेत अपुरा आहे' असं लिहा. अर्ज वाचणाऱ्याला मग तो बाजूला ठेवणं जड जातं.

कोणतं काम कोणत्या पैशातून

आराखड्यातली सगळी कामं एका यादीत टाकून एकाच दाराशी जाऊ नका. कामं फोडा आणि प्रत्येकाला योग्य निधी शोधा.

शाळेच्या हातात थेट येणारी रक्कम म्हणजे समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. निकषानुसार पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. वीजबिल, खडू, नोंदवह्या हे सगळं यातूनच भागवायचं, आणि रक्कम बऱ्याचदा हप्त्यांनी, वर्षाच्या उत्तरार्धात येते. ४५ पटाच्या शाळेने २५,००० पैकी निम्मे जरी इमारतीसाठी राखले, तरी त्यात मोठं काम होत नाही. पण पन्हळी साफ होतात, पाच-सहा पत्र्यांचे हूक बदलतात, शौचालयाचा नळ आणि कडी बसते, कठड्याची भेग भरली जाते. हीच कामं वेळेवर झाली नाहीत म्हणून पुढे लाखांची कामं निघतात.

नवी वर्गखोली किंवा मोठी दुरुस्ती ही जिल्हा वार्षिक योजनेची, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या निधीची कामं. त्यासाठी शाळेचं नाव तालुक्याच्या यादीत आणि मग जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाच्या यादीत यावं लागतं. प्रस्ताव दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. यादी तयार होताना गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन आपलं नाव आणि कामाचं वर्णन डोळ्यांनी बघा. 'दोन खोल्यांची दुरुस्ती' ऐवजी चुकून 'एक खोली' असं टंकलं गेलं तर नंतर बदलणं फार अवघड होतं.

ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. शाळेचं शौचालय, पाण्याची टाकी, हात धुण्याचे नळ, सांडपाण्याचा शोषखड्डा ही कामं अशा बंधित भागात बसतात. अट एवढीच की ते काम ग्रामपंचायतीच्या 'आमचं गाव आमचा विकास' आराखड्यात आधीच आलेलं हवं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अंतर्गत आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्याचा निर्णय ग्रामसभेचा असतो, आणि शिक्षणावरचा खर्च त्यात बसतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या ज्या पाड्यांनी हा निधी शाळेसाठी मागितलेलाच नाही, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विषय ठेवावा.

मजुरीचा वाटा मोठा असलेली कामं, म्हणजे मैदान सपाट करणं, शोषखड्डे, झाडं लावणं, काही ठिकाणी कुंपण, ही रोजगार हमीतून करून घेता येतात का ते ग्राम रोजगार सेवकाला विचारा. खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. तो डागडुजीसाठी मागायला जाऊ नका, पूर्ण खोली किंवा पूर्ण शौचालय मागा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल (सीएसआर) थोडं सविस्तर लिहितो, कारण सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर आणि दिंडोरीच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिक जिल्ह्याला ही संधी इतरांपेक्षा जास्त आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. पुढच्या वर्षाचा खर्च एप्रिलच्या आधी ठरतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जा. दोन पानी प्रस्ताव पुरे: पावसातले फोटो, पटसंख्या, अभियंत्याची सही असलेलं अंदाजपत्रक, जागेचा उतारा, समितीचा ठराव, जिल्हा परिषदेची ना-हरकत. एकच गोष्ट पूर्ण मागा. 'जे जमेल ते द्या' असं म्हटलं की दप्तरं आणि वह्या मिळतात, छप्पर तसंच राहतं. आणि कामानंतर देखभाल कोण करणार ते त्यातच लिहा. कंपन्या सहसा समितीच्या खात्यात पैसे टाकत नाहीत. त्या स्वतः काम करून देतात किंवा सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत करतात.

एकच काम दोन निधींतून दाखवलं गेलं तर चौकशी मुख्याध्यापकाच्या गळ्यात येते. कामनिहाय एक तक्ता ठेवा: काम, रक्कम, निधी, मंजुरीचा क्रमांक. ग्रामपंचायतीलाही त्याची प्रत द्या.

अंदाजपत्रक आणि मंजुरी

शाखा अभियंता येऊन मोजमापं घेतो आणि चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्याच्याकडे अनेक गावं असतात. तो येणार त्या दिवशी शिडी, टॉर्च, पावसाळ्यातले फोटो आणि खोलीचा नकाशा तयार ठेवा, म्हणजे अंदाजपत्रकात खरी कामं येतील. गळणाऱ्या जागा त्याला दाखवल्या नाहीत तर कागदावर 'रंगकाम व किरकोळ दुरुस्ती' एवढंच उमटतं. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत शाळेने मागून घ्यावी. काय मंजूर झालं हे माहीत नसेल तर काय झालं नाही हे कळणार कसं?

छोट्या कामांना ठेकेदार मिळत नाहीत ही मोठी अडचण आहे, आणि सिंहस्थाच्या कामांच्या काळात ती वाढण्याचीच शक्यता आहे. एकाच केंद्रातल्या चार-पाच शाळांची पत्र्यांची कामं एकत्र काढता येतील का, हे केंद्रप्रमुखांनी उपअभियंत्यांशी बोलून बघावं. वाहतूक एकदाच होते आणि गवंडीही टिकतो.

वेळापत्रक पावसावर आणि शेतीवर बसवा

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाहणीची यादी वाचून दाखवा, सप्टेंबरमध्ये अंदाजपत्रक करून घ्या, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामं आराखड्यात घाला. पेठ-सुरगाण्यात समितीची महत्त्वाची बैठक दिवाळीपूर्वीच घ्या. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतात कामाला जातात आणि होळीला परततात. डिसेंबरमध्ये बैठक बोलावली तर गणपूर्तीच होत नाही, आणि ठराव चार जणांचा राहतो. निफाड, चांदवड, देवळ्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणीमुळे श्रमदानाला कोणी मोकळं नसतं.

सिमेंटची कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडच्या काही गावांत उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो. तिथे एप्रिलमध्ये टाकलेल्या प्लॅस्टरला पाणी कोण मारणार? साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि आज सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. तेवढं पाणी मिळालं नाही तर उत्तम माल वापरूनही काम भुसभुशीत होतं. पत्रे, कौलं आणि गच्चीवरचे जलरोधक थर मात्र कोरड्या दिवसांची कामं आहेत. ती एप्रिल-मेमध्ये करा आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत संपवा, कारण वळीव कधी येईल याचा भरवसा नसतो.

मार्चअखेरच्या घाईत घेतलेलं काम बहुतेक वेळा वाईट होतं. जिल्हा नियोजनाचा निधी जिल्हा परिषदेला पुढच्या आर्थिक वर्षातही खर्चता येतो, तेव्हा तशा कामात 'आत्ताच करा नाहीतर पैसे परत जातील' असं कोणी म्हणालं तर आधी खात्री करून घ्या.

छप्पर

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त काळजी इथे लागते.

स्लॅबच्या गच्चीवर आधी झाडू मारा. पानं, माती, तुटलेली कौलं, चेंडू यांनी पाणी उतरायचे पाईप बुजलेले असतात, आणि कधीकधी तेवढंच कारण असतं. मग कठडा आणि स्लॅब यांचा जोड बघा. बरीच गळती त्या कोपऱ्यातून होते. तिथली जुनी भेग खोदून, भरून, सिमेंटची गोलाई केली की पाणी कोपऱ्यात उभं राहत नाही. स्लॅब मजबूत असल्याचं अभियंत्याने सांगितलं तरच पाणी साठवून गळती तपासा. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन.

उतार शंभराला एक तरी हवा. वीस फूट रुंद गच्चीला एका कडेपासून दुसरीपर्यंत साधारण ६० मिलिमीटर, म्हणजे अडीच इंचांच्या जवळपास. उतारासाठी टाकलेला विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, चांगला टिकतो, पण तो जड असतो. जुना कोबा न काढता त्यावर दुसरा, मग तिसरा टाकलेल्या गच्च्या मी पाहिल्या आहेत, आणि खालच्या स्लॅबची मला भीती वाटली. जुना काढल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. स्लॅब कमकुवत असेल तर हलका जलरोधक लेप हा पर्याय आहे, तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल हे धरून. गंजलेल्या सळईच्या जागी सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढायचं, सळई ब्रशने घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. सळई बरीच झिजली असेल तर तो निर्णय अभियंत्याचा, गवंड्याचा नाही.

पत्र्याच्या खोलीत हूक किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसवायचे, खोलगट भागात नाही. पाणी खोलगटातून वाहतं आणि तिथलं भोक गळणारच. वॉशर कडक झाले असतील तर फक्त वॉशर बदलूनही बरीच गळती थांबते. एका पत्र्याची दुसऱ्यावर लांबीच्या टोकाला किमान सहा इंच चढ हवी, इगतपुरी-त्र्यंबकच्या तिरक्या पावसात त्याहून जास्त. वादळात आधी कडेचे पत्रे उडतात, तेव्हा कडेला हूक जवळजवळ घ्या. मालेगाव-येवल्याकडे पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर दुपारी मुलांना खोलीत बसवतं. शेवटी रंग द्यायचा म्हटलं, पण हा रंग आधी द्यायला माझी हरकत नाही. जुने करडे सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू, कापू किंवा कोरडे घासू नका. त्यात ॲसबेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. काढायचेच झाले तर ओले करून, अख्खे उतरवा, शाळेला सुट्टी असताना.

कौलारू शाळांना दरवर्षी शाकारणी लागते. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, वासे आणि रिपांना वाळवी लागली आहे का ते बघायचं. जुन्या कौलांचा ढीग टाकून देऊ नका, त्याच मापाची कौलं आता सहज मिळत नाहीत. मुलांना छपरावर चढवायचं नाही, कितीही काटक असली तरी.

छपराचं पाणी खाली आलं की ते भिंतीपासून लांब न्या. इमारतीभोवती दोन-तीन फुटांची, बाहेर उतरती फरसबंदी आणि तिला लागून गटार केली की भिंतीची ओल बरीच कमी होते. गावातला रस्ता दर वेळी वर काँक्रीट टाकून उंचावतो आणि शाळेचं आवार खाली राहतं, हेही बघा. रस्त्याचं काम निघणार असेल तर जुना थर काढून मगच नवा टाकावा, असा ठराव ग्रामसभेत आधीच करून घ्या.

शौचालय, पाणी, वीज

कुलूप लावलेली नवीकोरी शौचालयं जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचं कारण पाणी आत नाही हेच आहे. दुसरं शौचालय बांधण्याआधी पहिल्यात टाकी, नळ आणि सांडपाण्याची वाट करा. जलजीवनची जोडणी शाळेपर्यंत आली असेल तर ती आतपर्यंत आली का ते तपासा. मुलींच्या शौचालयाला आतून कडी, उजेड, कपडा अडकवायला खुंटी आणि झाकणाची कचरापेटी हवी. ही पाचशे-हजाराची कामं आहेत आणि त्यांच्या अभावी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून किमान १५ मीटर लांब घ्या. काळ्या मातीत तो पाणी शोषत नाही, तेव्हा अभियंत्याला दुसरा मार्ग विचारा.

रॅम्प एकास बारा उताराचा असावा. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. जागा वाचवायला तो आखूड केला तर चाकाची खुर्ची ढकलताच येत नाही, आणि पावसात त्यावर सगळीच मुलं घसरतात.

विजेत अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण) आधी, पंखे आणि टीव्ही नंतर, पत्र्याच्या खोलीत तर नक्कीच. वीजबिलावर शाळेची वर्गवारी 'सार्वजनिक सेवा' अशी आहे ना, तेही बघा. ती चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या.

काम सुरू असताना

समितीतून तिघांचा गट करा. बहुतेक गावांत पालकांमध्येच एखादा गवंडी, एखादा वेल्डर असतो. त्याचा डोळा मुख्याध्यापकापेक्षा तयार असतो. सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. वाळू मूठभर घेऊन हातावर चोळा, चिखल चिकटला तर ती धुऊन घ्यायला सांगा. पन्नास किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. माल पातळ, वाहता दिसला की पाणी जास्त पडलं आहे. पुढे झाकलं जाणारं प्रत्येक काम, सळई, कोब्याचा थर, पाईपचे जोड, झाकण्याआधी फोटोत घ्या. नव्या स्लॅबच्या कामात काँक्रीटचे ठोकळे भरले का आणि ते चाचणीसाठी कुठे पाठवले, हे विचारायचा शाळेला हक्क आहे. दिंडोरी रोडवरच्या मेरीसारखी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) जुनी शासकीय संस्था आपल्याच नाशिक शहरात आहे.

शाळेच्या खात्यातून करायच्या कामात पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका, शेवटचा भाग गच्चीची चाचणी होईपर्यंत राखा. दरपत्रकं, जीएसटीचं बिल, ऑनलाईन किंवा धनादेशाने पैसे, रोकडवहीत नोंद, वस्तू असेल तर डेडस्टॉकमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, मग उपयोगिता प्रमाणपत्र. यातला एक कागद राहिला की पुढचा हप्ता अडतो. ठेकेदारामार्फतच्या कामात दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते करारातून लिहून घ्या आणि पहिल्या पावसात गळलं तर त्या मुदतीत लेखी कळवा.

लोकवर्गणीला गावं हात आखडत नाहीत, पण हिशेब दिसला पाहिजे. प्रत्येक रुपयाची पावती द्या. वाळू, सिमेंट, मजुरी असं वस्तुरूपाने आलेलंही वहीत लिहा, आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर लावून ग्रामसभेत वाचा. पैसे मागताना 'शाळेसाठी' असं न म्हणता 'तिसरीच्या खोलीच्या बारा पत्र्यांसाठी' असं सांगा. शहरात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी बहुधा यात्रेला गावी येतात, त्यांना तेव्हाच शाळा प्रत्यक्ष दाखवा.

दरवर्षीचं काम आणि फाईल

मेमध्ये गच्ची आणि पन्हळी साफ करणं, वॉशर आणि हूक तपासणं, कठड्यातली रोपं उपटणं. ऑगस्टमध्ये गळतीची पाहणी. दिवाळीच्या सुट्टीआधी दारं-खिडक्यांना तेल, कड्या-बिजागऱ्या, विजेच्या जोडण्या. संयुक्त अनुदान आलं की या कामांचा वाटा आधी बाजूला काढा.

आणि एक फाईल करा. जागेचे उतारे, समितीचे ठराव, अंदाजपत्रकं, कार्यारंभ आदेश, आवक क्रमांकाची पत्रं, दरवर्षीचे पावसातले फोटो, जमिनीखालून गेलेल्या पाईपचा आणि शोषखड्ड्यांचा हाताने काढलेला नकाशा. जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या बदल्या होतात आणि नवे मुख्याध्यापक आले की अर्धवट प्रस्तावाची माहिती जुन्यांच्या मोबाईलमध्येच राहून जाते. ही फाईल प्रभार यादीत स्वतंत्र क्रमांकाने नोंदवा, आणि तिची झेरॉक्स समितीच्या अध्यक्षांकडे ठेवा.